भवानीचा नमस्कार

कर खात्याच्या मॅडम दुकानात शिरल्या आणि दामूशेठ तांबटांच्या हातातलं पातेलं निसटून खणखणलं. "बिल नको ना?" असं हळू आवाजात विचारत तीस वर्षं भांडी विकलेल्या माणसाची जुनी भीती होती ती. आता लबाडीला जागाच उरली नव्हती. गल्ल्यावरच्या डबीवर गिऱ्हाइकानं तळहात टेकवला, की पैसे जमा होत, कर तिथल्या तिथे कापला जाई आणि तो कुठल्या कामाला गेला, तेही डबी बोलून सांगे.

"काका, तुमचा कर जास्त येतोय," मॅडम हसून म्हणाल्या. "रोज पहिली विक्री दोनदा नोंदली जाते. दुसऱ्यांदा हात तुमचाच असतो! पैसे तुमचे तुम्हालाच येतात, कर मात्र पुन्हा कापला जातो."

दामूशेठ ओशाळले. पूर्वी भवानीची नोट ते डोळ्यांना लावत. आता नोटच नव्हती, म्हणून पहिलं गिऱ्हाईक गेलं की डबीला हात लावून नमस्कार करत; तेव्हा डबी काय बोलते, तिकडे त्यांचं लक्षच नसे.

"वर्षाचे चार हजार परत मिळतील."

"गेले कुठे होते ते?"

"समोरच्या शाळेच्या नळाला."

दामूशेठनी बाहेर पाहिलं. मधल्या सुट्टीतली पोरं ओंजळीनं पाणी पीत होती.

"राहू द्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भवानी झाली. दामूशेठचा हात डबीपाशी क्षणभर थांबला. मग त्यांनी अख्खा तळहात नीट टेकवला आणि कपाळाला लावला.

"कर जमा," डबी म्हणाली. "शाळेचा नळ. बिल हवं?"

"बिल नको," दामूशेठ हळूच म्हणाले.