तेरा पॉइंट चार

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पुतळीने तिसऱ्यांदा ब्युरेट, म्हणजे आकडे कोरलेली काचेची नळी, भरली. फ्लास्कमधलं पाणी एका थेंबासरशी गुलाबी झालं. तेरा पॉइंट चार. तिन्ही वेळा तेवढंच.

सुदामकाका बाटल्या उचलायच्या निमित्ताने टेबलाशी वाकले. अठरा वर्षं कॉलेजची लॅब ते सांभाळत होते, आणि परीक्षेला पोरांनाही.

"नऊ पॉइंट सहा लिही," ते पुटपुटले.

"काका, माझं तेरा पॉइंट चार येतंय."

"येऊ दे ना. लिहायचं नऊ पॉइंट सहा. दरवर्षी तेच असतं."

शेजारच्या मिथुनची ब्युरेट अजून कोरडीच होती. उत्तर मात्र लिहून झालं होतं. "तेवीस जण येडे नि तू एकटी सायंटिस्ट?" तो म्हणाला. "नापास झालीस तर वापीची कंपनी थांबणारे का तुझ्यासाठी?"

नव्हतीच थांबणार. बीएस्सी पास झाली तर एक तारखेला तिथल्या लॅबमध्ये हजर व्हायचं होतं. तिच्या वेवजी गावातल्या कुठल्या मुलीला अशी नोकरी आजवर लागली नव्हती. पुतळीने पेन उचललं, तिन्ही रीडिंगं पुन्हा पाहिली आणि १३.४ लिहिलं. चांगलं ठळक.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पेपर चाळले. "मॅडम, बाकी वर्ग छान. या एकटीचं चुकलंय. शून्य देऊ?"

दक्षा धोडी मॅडम याच वर्षी कॉलेजात शिकवायला आल्या होत्या. त्याआधी सोळा वर्षं रंगांच्या कंपनीत संशोधन करत होत्या. त्यांनी आपली वही परीक्षकांपुढे सरकवली.

"आजचं द्रावण मी सकाळी स्वतः बनवलंय, सर. मुद्दाम वेगळं. हे माझं रीडिंग."

परीक्षकांनी वहीतला आकडा पाहिला, मग पुतळीचा. दोन्ही एकच. सुदामकाकांनी हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या.

"बरं, हिला पूर्ण मार्क देऊ," परीक्षक खालच्या आवाजात म्हणाले. "पण तेवीस जणांना नापास कसं करायचं? जाऊ द्या ना. मला डहाणूहून साडेतीनची गाडी आहे."

"पाचचीही आहे," मॅडम म्हणाल्या आणि वर्गाकडे वळल्या. "कंपनीत आकडा चुकला की आम्ही अख्खी बॅच पुन्हा बनवायचो. इथेही तेच. मिथुन, ब्युरेट धू. सगळ्यांनीच धुवा. पुतळी, तुझं झालंय ना? ये इकडे. यांच्यासाठी नवं द्रावण आपण दोघी बनवू."

नळ धडाधड सुटले. सुदामकाका मॅडमच्या मागोमाग आले.

"मॅडम, मग मी आता पोरांना काय सांगू?"

"वेळ सांगा. दर अर्ध्या तासाने."

काका घड्याळाखाली जाऊन उभे राहिले. घसा साफ केला.

"दोन वाजून दहा."

मागच्या टेबलावर कुणीतरी लगेच तेही लिहून घेतलं.