पाच नळ, एक वरमाला

संगीत नाटकात स्वयंवराचा प्रवेश रंगला होता. नळाचं रूप घेतलेले चार देव म्हणजे नळाचं काम करणारे गायकनट गिरिधर सप्रे यांच्यासारखेच हुबेहूब बनवलेले चार यंत्रमानव. पाचही जण गायले. सप्र्यांच्या पत्नी सुनेत्राबाई दमयंती झाल्या होत्या; त्यांनी शांतपणे एका यंत्रमानवाच्या गळ्यात माळ घातली.

"अगं, मी इकडे आहे," सप्रे कुजबुजले.

"ठाऊक आहे. पण याचा षड्ज लागतो."

माइक चालू होता. प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला, बाईंनी पुन्हा त्यालाच वरलं. आता एक देव कमी पडत होता, म्हणून सप्रेच इंद्र झाले. आशीर्वाद देताना त्यांनी हळूच विचारलं, "घरी कुणाबरोबर जाणार?"

"वाटेत गाणार नसाल, तर तुमच्याबरोबर."