वर एक

राजेश्वर गावच्या शिवशंकरनं लिहून फुकट वाटलेली सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅमला जोडून वापरायचा तयार कोड, आता जगभर वापरात होती. नव्या आवृत्तीला नंबर कोणता द्यायचा, यावरून अनोळखी लोक तीन आठवडे त्याचं डोकं खात होते. शेवटी २.०.० ठरलं. तो ते टाइप करत असताना आई, सत्यभामाबाई, मागून डोकावली.

"शून्यावर कामून सोडायलास? मारुतीला दहा नारळ वाहतंय व्हय कुणी? अकरा वाहतेत. वर एक ठेव."

आता आईशीही वाद घालायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. २.०.० न काढताच त्यानं थेट २.०.१ सर्वांसाठी खुली केली.

&nbsp;

दुसऱ्या दिवशी लायब्ररी वापरणाऱ्या एकाचा पहिलाच निरोप आला, "आभार. २.०.० मुळं आमचं सगळं काम ठप्प झालं होतं, आता सुरळीत चाललंय."