सशाचा आवाज

म्हाताऱ्याने फाटक लावून आतून कुलूप घातलं, तेव्हा डिर्कीने गाडीची काच खाली केली.

"कुलूप कशाला, काका?" त्याने गाडीच्या खिडकीतून विचारलं.

"शेळ्या आहेत ना. फाटक उघडं दिसलं की रेहोबोथच्या बाजारापर्यंत फिरून येतात बेट्या." अब्राम काकांनी किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

डिर्कीला एकही शेळी दिसली नाही. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"माझी जांभळी नेलपॉलिश कुठंय?" योलांडा तडकलीच होती. "दुपारी लग्नाला जायचंय आणि बाटली रिकामी. पितोस की काय तू?"

"येताना नवी आणतो."

"आणि त्या दुर्बिणीपायी कुठं रानात गेलायस? ना ओळख ना पाळख, उद्या कुणी—"

आवाज तुटला. इथून पुढे फोन लागत नव्हता.

जाहिरात शिकाऱ्यांच्या ग्रुपवर आली होती. रायफलीवर बसवायची जर्मन दुर्बीण, आणि किंमत म्हणाल तर फुकटात जमा. 'मला यातलं कळत नाही. लेकीने शिकार सोडली. द्याल ते द्या.' खरं तर डिर्कीने अशा जाहिरातीकडे ढुंकूनही बघायला नको होतं. नेटवर शिकारीचं सामान विकणाऱ्यांच्या लबाड्या त्याला तोंडपाठ होत्या. फोटो भलत्याच मालाचे, नंबर सतत बदलणारा, आणि गिऱ्हाइकाने तक्रार केली रे केली की ब्लॉक. म्हणूनच त्याने आपलं नाव पीटर सांगितलं होतं. पण हंगाम ऐन भरात होता, शनिवारी दोस्तांबरोबर हरणांमागे जायचं होतं, आणि हाव माणसाला शहाणं राहू देत नाही.

गेल्या वर्षी गोबाबिसकडचा एक जण असाच रायफल घ्यायला गेला होता. त्याची नुसती गाडी सापडली. ही गोष्ट डिर्कीला नेमकी आत्ता आठवली. त्याने गाडीचं तोंड फाटकाकडे करून ठेवलं.

ओसरीवर म्हाताऱ्याच्या लेकीने, हेस्टरने, कॉफी आणि फेटकूक, कणकेचे गरम तळलेले गोळे, आणले. बाई चाळिशीची असेल. चष्म्याची उजवी काच काळी होती, आणि बघायचं झालं की ती कोंबडीसारखी सगळी मान वळवून बघायची. तिने डिर्कीला असंच बराच वेळ न्याहाळलं.

"हा चौथा का?" तिने बापाला विचारलं.

"हो. हा पीटर."

"चौथा म्हणजे?" डिर्कीने विचारलं.

"दुर्बीण बघायला आलेला," म्हातारा म्हणाला. "खा, खा. लाजतोस काय नव्या जावयासारखा?"

आधीचे तिघं दुर्बीण न घेता का गेले, हे विचारायची डिर्कीची हिंमत झाली नाही. कॉफीने त्याची जीभ पोळली.

दुर्बीण म्हाताऱ्याच्या रायफलीवर बसवलेली होती. "चालवून बघितल्याशिवाय घेऊ नये," तो म्हणाला आणि नदीच्या कोरड्या पात्राकडे बोट दाखवलं. "तू हो पुढं."

डिर्की पुढे, रायफल घेऊन म्हातारा मागे. पायाखाली वाळू, दोन्हीकडे काटेरी झाडं. डिर्कीला आपली पाठ उघडी पडल्यासारखी वाटत होती. पळावं तर फाटकाला कुलूप.

मागून एकदम किंकाळी आली, बारीक आणि चिरकी. डिर्की जागीच उडाला.

म्हातारा ओठ पुसत हसला. "जखमी ससा. कोल्ह्याला बोलवायला हा आवाज काढतात. लेकीला मीच शिकवला. सशासारखं रडायचं आणि गप्प बसायचं, बस्स."

"आणि येतो कोल्हा?"

"पोट भरलेला असला तरी येतो. फुकटचं आहे ना."

एका बाभळीखाली, दूरवर, पत्र्याचा डबा मांडून ठेवला होता. म्हातारा थांबला. डिर्कीला राहवलं नाही.

"काका, दुर्बीण राहू दे. मला घरी जायचंय."

"अरे, एवढा घाबरतोस कशाला? हे घे, रायफल तुझ्याच हातात देतो."

आणि खरंच दिली. डिर्कीच्या जिवात जीव आला. ज्याच्या हाती बंदूक त्याला कसली भीती? उगाच त्या गरीब बापलेकीवर संशय घेतला म्हणून त्याला थोडी लाजही वाटली. त्याने डोळा दुर्बिणीला लावला. डबा हाताच्या अंतरावर आल्यागत दिसला. अस्सल माल होता.

"हं, उडव," म्हणत म्हाताऱ्याने एक काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं.

डिर्कीने ते सवयीने उलटं करून पाहिलं. बुडाशी मधोमध एक चकचकीत जांभळा ठिपका होता.

त्याने रायफल खाली केली. "हे नको. माझी काडतुसं गाडीत आहेत, ती आणतो."

"एका गोळीसाठी एवढी पायपीट? घाल हीच."

"नाही घालणार."

"का रे?"

"फुटेल ती. तोंडावर फुटेल." डिर्कीने काडतूस वाळूत टाकून दिलं आणि दोन पावलं मागे सरला.

म्हाताऱ्याने वाकून ते उचललं, शर्टाला पुसलं. मग शांतपणे त्याच्या हातातली रायफल काढून घेतली, काडतूस आत सारलं, गालाला दस्ता लावला आणि गोळी झाडली. डबा उडून पडला.

"तुझ्याआधीच्या तिघांनी ठिपक्याकडे बघितलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "गोळी झाडली, कॉफी पिऊन घरी गेले. लेकीने नेटवरून घेतलेल्या ज्या काडतुसाने तिचा डोळा नेला, त्याच्यावर असाच ठिपका होता. ही काडतुसं माझीच आहेत, पोरा. ठिपका तेवढा तुझा."