गोळ्या विरेपर्यंत

टाचणीताईने कपाट उघडलं आणि ती मटकन खाली बसली. काल वाटाण्याएवढी उरलेली डांबरगोळी आज पुन्हा बोराएवढी झाली होती. एक नाही, सगळ्याच. शालीच्या घडीत, कोटाच्या खिशात, जिथे पाहावं तिथे पांढऱ्याशुभ्र, गरगरीत, नव्या कोऱ्या.

"पुन्हा भरल्या कुणीतरी," ती म्हणाली.

घड्याळजी खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने मान वर केली नाही. "पोरगी असेल. आईची माया असते. तू मनावर घेऊ नकोस."

मनावर न घेऊन कसं चालेल? तिचं लग्न त्या गोळ्यांवर अडलं होतं.

शिवणाच्या दुकानात कायम ओठांत टाचण्या धरून बोलायची, म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणत. दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे बेतता बेतता तिची चाळिशी उलटली होती. मग शेजारच्या गाळ्यात हा घड्याळजी आला, दुसऱ्या गावाहून, नवाच. बायको वारलेली, मुलगी वयात आलेली, आई अंथरुणाला खिळलेली. घरात बायकोचा एक फोटोसुद्धा नव्हता. बघवत नाही, म्हणायचा. लग्नाचं त्यानेच विचारलं. अट एकच घातली.

"तिच्या कपाटात मी गोळ्या ठेवल्यात. त्या आपोआप विरून जाऊ देत. मग कपाट रिकामं करू आणि लगेच लग्न. त्याआधी माझ्याच्याने होणार नाही."

"विरल्या म्हणजे पाणी होऊन कपडे डागाळतील की."

"पाणी होतच नाही त्यांचं. घट्ट असतात, त्यांची थेट हवा होते. मधलं काही नाही. फक्त थांबावं लागतं."

थांबायची तिला सवय होती. पण रिकाम्या हाताने बसणं जमत नव्हतं, म्हणून ती त्याच्या आईचं, म्हणजे आजीचं, करू लागली. कूस बदलायची, पाठीच्या जखमा धुवायच्या, पातळ केलेला भात चमच्याने भरवायचा, चादरी पिळायच्या. आजीची वाचा गेली होती. टाचणी कपाटाकडे वळली की आजी जोरजोरात मान हलवायची. नाही. नाही.

"बघा, अजून सून म्हणून पसंत नाही मी," टाचणी हसायची आणि तिचं तोंड पुसायची.

मुलीचं मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं.

"काकू, लाज नाही वाटत तुम्हाला?"

"कसली गं?"

"कपाट कुणाचं ते ठाऊक असून रोज त्यात डोकं घालता, त्याची."

"तुझ्या आईचंच आहे ना? मी तिची जागा घेत नाहीये, बाळा. मला आपली तिच्या शेजारी थोडीशी पुरे."

"शेजारी!" मुलीने कपाळावर हात मारला. "धन्य आहे तुमची."

"आणि गोळ्या तूच भरतेस ना?"

"मी हातसुद्धा लावत नाही. मळमळतं मला त्या वासाने."

चोराच्या उलट्या बोंबा, टाचणी मनात म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिने मलमलीच्या इवल्याशा पिशव्या बेतल्या, प्रत्येकीत एक गोळी घातली आणि तोंड हाताने शिवून टाकलं. तिचे टाके उसवून पुन्हा तसेच घालणारं माणूस त्या रस्त्यावर नव्हतं.

घड्याळजीने पिशव्या पाहिल्या. हसला, पण जरा उशिराने. "हुशार आहेस."

मग ती हात धुऊन गोळ्यांच्या मागे लागली. उन्हाच्या वेळी कपाट सताड उघडं ठेवायची. खालच्या फळीवर तापलेली इस्त्री ठेवून शेजारी राखण करत बसायची. डोकं ठणकायचं. वास केसांत जाऊन बसला. गिऱ्हाइकं म्हणायची, "टाचणीताई, तुम्हाला जन्मात कसर लागायची नाही!" तीही हसायची. पिशव्या रोडावत होत्या.

आजीही रोडावत होती. एका दुपारी भात भरवताना ती टाचणीच्या मांडीवरच गेली. टाचणीनेच तिला शेवटचं न्हाऊ घातलं आणि घरात तीच सगळ्यांत जास्त रडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पिशव्या पार चपट्या झाल्या. टाचणीने त्या ओंजळीत घेऊन घड्याळजीपुढे धरल्या. एकही टाका उसवलेला नव्हता.

"झाली हवा," ती म्हणाली.

त्याने एक पिशवी चिमटीत दाबून पाहिली. आईच्या रिकाम्या खाटेकडे नजर टाकली. "झाली की. उद्या संध्याकाळी घरी ये. नीट बोलू."

टाचणीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही शिवलं होतं. फिकट निळा, साधाच ड्रेस. तोच घालून ती गेली. जिन्यात थांबून तिने केस सारखे केले आणि दार वाजवलं.

दार एका अनोळखी बाईने उघडलं. तिच्या खांद्यावर कपाटातली हिरवी शाल होती.

"आई, कोण आलंय गं?" आतून मुलगी ओरडली आणि बाहेर आली. टाचणीचा चेहरा पाहिला मात्र, ती जागच्या जागी थिजली. "काकू," ती कशीबशी म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

घड्याळजी खिडकीपाशीच होता. डोळ्याला भिंग होतं, हातात घड्याळ नव्हतं.

"तू आत जा गं," बाई मुलीला म्हणाली. मग टाचणीचा हात धरून तिने तिला खुर्चीवर बसवलं. "फोनवर रोज ऐकायचे मी तुमच्याबद्दल. परदेशातली नोकरी मधेच सोडता येईना, आणि सासूबाईंकडे एकही बाई टिकत नव्हती. तुम्ही टिकलात. शेवटपर्यंत केलंत हो त्यांचं, पोटची मुलगी करणार नाही इतकं."

बाईने खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"तुमच्याशी एक बोलायचं होतं. माझी आईही आता अंथरुणाला लागलीय. घरात माझा भाऊ एकटाच असतो. स्वभावाने अगदी देवमाणूस. बायको वारली बिचाऱ्याची."