घरागणिक एक छडी

बाबूचा पहिला दांडा नागोजीच्या खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर. तिसऱ्याला त्याने हात आडवा घातला, तेव्हा मनगट मोडल्याचा आवाज भोवतीच्या सगळ्या गावकऱ्यांनी ऐकला. तरी बाबू थांबला नाही. गेल्या आठवड्यात लाकूडचोरांनी डोंगराच्या राखणीवर असलेल्या तुकारामचं डोकं फोडलं होतं आणि तो अजून धारवाडच्या दवाखान्यात पडून होता. आज भर दुपारी त्या टोळीतला हा एक हाती लागला होता. बाकीचे कुऱ्हाड आणि दोर टाकून पळाले.

"मी एकटा नव्हतो गा," नागोजी म्हणाला. "मारू नकासा."

"तुकारामबी असंच म्हणाला असंल की," बाबू म्हणाला आणि त्याने पुन्हा दांडा उचलला.

मागून शेवंता धापा टाकत चढ चढून आली. ती बाबूची थोरली भावजय. "पुरे, बाबू," ती ओरडली. बाबूने मान वळवली, तेवढ्यात नागोजी उताराला पळाला. चोरांनी सागाचं खोड बुंध्याशी जवळजवळ तोडून ठेवलं होतं आणि ओढून पाडायला शेंड्याला दोर बांधला होता. तोच दोर नागोजीच्या पायात अडकला. तो तोंडावर पडला, झाडाला हिसका बसला आणि झाड कडकडत त्याच्या मांड्यांवर आलं.

तो असा किंचाळला, की पुढं आलेली माणसं दोन पावलं मागं सरली.

मग सगळ्यांनी मिळून खोडाला हात घातला. झाडाचा शेंडा खाली दोन खडकांच्या मध्ये पाचरीसारखा अडकला होता. जोर लावला की खोड वर यायच्या ऐवजी नागोजीच्या मांडीत आणखी रुतायचं. शेंडा तोडल्याशिवाय खोड हलणार नव्हतं, हे लहान पोरालाही कळलं असतं. कुऱ्हाड जवळच गवतात पडली होती. सगळ्यांनी ती पाहिली आणि सगळ्यांनी दुसरीकडं पाहिलं.

गावात एकाएकी सगळेच देवभक्त झाले.

कुऱ्हाड न धरायची शपथ तशी खोटी नव्हती. शहाण्णवच्या उन्हाळ्यात डोंगर बोडका होऊन झरा आटला, विहिरीचा तळ दिसला, आणि बायका अळणावरच्या स्टेशनातल्या नळावरून पाणी आणून आणून टेकीला आल्या. तेव्हा शेवंताने घराघरातून कुऱ्हाडी गोळा करून द्यामव्वाच्या देवळामागं टाकायला लावल्या. हातात भंडारा घेऊन गावानं शपथ घेतली. डोंगरात कुणी कुऱ्हाड धरायची नाही. धरली, तर देवळाच्या पायरीवर त्याच्या पाठीवर घरागणिक एक चिंचेची छडी. लगेच एकाला लग्नाचा मांडव आठवला, एकाला नांगर, एकाला म्हाताऱ्या बापाचं सरण. शेवंता म्हणाली होती, कारण सगळ्यांकडंच असतं. म्हणून कारण कुणी सांगायचं नाही आणि कुणी ऐकायचं नाही. आता चैत्रातही विहिरीला पाणी होतं.

"देवीनंच धरलाय त्याला," बाबू म्हणाला. "आपुन कशाला मधी पडायचं?"

नागोजी आता कन्नडवर आला होता. "अक्का, बिट्टु होगब्याड्री," एवढंच तो म्हणत होता. सोडून जाऊ नका. त्याच्या तोंडातून फेस येत होता.

"बाबू, कुऱ्हाड घे," शेवंता म्हणाली.

"शपथ तुम्हीच घातलासा, वैनी."

"व्हय. मीच."

तिने पदर खोचला आणि कुऱ्हाड उचलली. कुणीतरी द्यामव्वाचं नाव घेतलं. हा माणूस जगावा असं तिला फार वाटत होतं अशातला भाग नाही. तुकारामची बायको दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होती, ते शेवंता विसरली नव्हती. पण गावाच्या डोळ्यांदेखत, गावाच्या झाडाखाली कुणी असं तडफडून मरावं, हे तिला सोसवेना. पहिला घाव निसटून खडकावर बसला, ठिणगी उडाली. दुसरा लागला. मग ती नुसती तोडत सुटली, तोंडानं शिव्या देत, नागोजीला, बाबूला आणि स्वतःला. शेंडा सुटला तसा पुरुषांनी खोड ढकलून दिलं. नागोजीचा एक पाय भलत्याच दिशेला वळलेला होता, पण तो जिवंत होता. त्याला घोंगडीत घालून अळणावरकडं गाडी हाकली.

शेवंता घरी गेलीच नाही. ती तडक देवळात गेली, मागच्या गंजक्या ढिगावर कुऱ्हाड टाकली आणि पायरीवर गावाकडं पाठ करून बसली.

"छड्या काढा," ती म्हणाली.

 गावातल्या म्हाताऱ्या वेणूबाई पुढं झाल्या. "अगं बाई, माणसाचा जीव वाचवायला तू..."

"कारण सांगायचं नाही, मावशी."

शेवटी कुणीतरी चिंचेची फांदी मोडून आणली, पानं ओरबाडली. शेवंता म्हणाली, "पहिली आमच्या घराची. बाबू, तू मार."

बाबूने छडी घेतली. दुपारी दांडा उगारलेल्या त्याच हातानं त्याने ती हलकेच खाली आणली. छडी तिच्या पाठीला जेमतेम लागली, माशी हाकलावी तशी.

शेवंताने मागं वळून पाहिलं नाही.

"बाबू," ती म्हणाली, "त्याला असं मारलं नव्हतंस."