पावणेअकराची बस

"साठ किलोमीटर अंतर, ताशी तीसचा वेग, आठला सुटलेली बस," मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "दहालाच पोचणार. तू पावणेअकरा कुठून आणलेस?"

मुलगी टेबलासमोर ताठ उभी होती. अंगात थोरल्या बहिणीचा फ्रॉक, त्याला खाली सोडलेली शिवण. शाळेच्या वसतिगृहात एकच जागा उरली होती. ती मिळाली तर पुढचं शिक्षण, नाही तर उद्यापासून आईच्या मागे वीटभट्टीवर. आणि ती फक्त एका गुणाने मागे पडली होती. दोन गुणांचं हे एवढं गणित सोडलं तर बाकी पेपर चोख होता, म्हणून तर बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं.

पुढे होती ती डॉक्टरांची मुलगी. तिला शिकवायला दोन मास्तर घरी येत. बसमध्ये ती जन्मात बसली नव्हती, त्यामुळे तिचं उत्तर अगदी बरोबर आलं होतं.

"बाई, आमच्याकडून एकच बस सुटते, आठची," मुलगी म्हणाली. "पहिल्याच वळणावर दुधाचे कॅन चढतात. त्याची वीस मिनिटं. मग मोठ्या चढाला सगळे खाली उतरतात आणि चालत वर येतात. त्याची दहा. पंधरा मिनिटं ड्रायव्हरमामा बहिणीकडे चहाला थांबतात."

"रोज?"

"भांडण झालेलं असलं तर नाही थांबत. पण सध्या गोडीत आहेत."

दाराच्या फटीतून आईचा दबका आवाज आला, "अगं, दहा म्हण की! आपल्या बापाचं काय जातंय!"

मुलीचे डोळे भरले, पण मान काही हलली नाही. "पण दहाला पोचतच नाही ना ती, आई."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी कागद शेजारी सरकवला. "घ्या सर. तुमचा विषय, तुम्हीच ठरवा."

शेजारी गणिताचे सर होते. अर्धा गुणसुद्धा कुणाला उसना न देणारा माणूस. त्यांच्या बोलण्याला कडक इस्त्री होती. ते याच शहरात, बहुधा वाचनालयातच जन्मले असावेत अशी सगळ्या शाळेची समजूत होती, आणि तीस वर्षांत त्यांनी ती कधी खोडून काढली नव्हती.

सरांनी मुलीचा अर्ज पाहिला. गावाच्या नावापाशी त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. दाराच्या फटीतला श्वाससुद्धा थांबला.

"बेरीज चुकली आहे," ते कोरडेपणाने म्हणाले. "रेल्वेच्या फाटकापाशी वीस मिनिटं जातात. ती कुठे धरलीस?"

मोठ्या बाईंनी चमकून सरांकडे पाहिलं. फाटक ना प्रश्नात होतं, ना उत्तरात.

"फाटक काढलं, सर. तिथे आता पूल झालाय."

"पूल झाला?" सर हळूच म्हणाले. त्यांनी उत्तरापुढे दोन गुण लिहिले, पूर्ण दोन, आणि कागदावरून मान वर केलीच नाही.

मुलगी दारापर्यंत गेली, थबकली आणि वळून म्हणाली, "सर, बरीच वर्षं घरी गेला नाहीत वाटतं?"